पानी गोडं हाय तवर

मॉनिकाचा दिवस देवाच्या नावानं सुरू होत नसे, बावेच्या पाण्यानं सुरू होई. उठली की तोंडही न धुता ती मागच्या अंगणात जायची, कप्पीवरून दोर सोडायची, अर्धी बालदी वर ओढायची आणि ओंजळभर पाणी तोंडात घेऊन तशीच उभी राहायची. मग थुंकायची. गेले तीन पावसाळे ती थुंकतच आली होती. चव रोज तीच, खारट, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा दोर सोडायची, जणू रात्रीतून कुणी येऊन विहिरीत साखर ओतून जाणार होतं. देवाची आठवण तिला त्यानंतर यायची, आणि तीही भांडण्यापुरती.

बाव म्हणजे विहीर. बोरिवलीहून बोटीनं खाडी ओलांडली की गोराईची जी जुनी ख्रिस्ती पाखाडी, म्हणजे वस्ती, लागते, तिथं विहिरीला बावच म्हणतात. पाखाडीतलं अगदी शेवटचं कौलारू घर मॉनिकाचं. घरामागे अंगण, अंगणात बाव, आणि बावेपलीकडे कुंपणाला खेटून तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं रान. ही तिवरं पूर्वी इतकी जवळ नव्हती. मधे भातशेत होतं, शेताच्या कडेला खाडीचं पाणी अडवणारा बांध होता, आणि संध्याकाळी त्या बांधावर बिडी ओढत बसणारा मॉनिकाचा नवरा कॉस्मस होता. यातलं आता काहीच उरलं नव्हतं. एका पावसाळ्यातल्या उधाणानं बांध फोडला, गावानं तो पुन्हा घातला, पुढच्या वर्षी तो पुन्हा फुटला. खारं पाणी शेतात घुसलं ते मुक्कामालाच आलं. कॉस्मस दोन हंगाम भात पेरून बघत राहिला, रोपं पिवळी पडताना बघत राहिला, आणि एका पहाटे उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मॉनिका म्हणाली, शेत.

त्याच्या महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, सगळे नातेवाईक जमले होते. जेवणं झाली, आणि डेल्रॉयनं, म्हणजे मॉनिकाच्या एकुलत्या एका मुलानं, चारचौघांत विषय काढला. तो कांदिवलीला चौथ्या मजल्यावर राहायचा आणि आईच्या काळजीनं अर्धा झाला होता.

"मम्मा, आता हे घर बंद कर आणि आमच्याकडे ये. पावसात किचनमध्ये पाणी येतं. मागच्या वेळी साप आलेला. कशासाठी राहायचं इथे एकटीनं?"

नवरा जाऊन महिना झालेल्या बाईला हे विचारायची ही वेळ नव्हती. मॉनिका तडकली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्या बावेचं पानी गोडं हाय तवर मी हितून हलनार नाय. लिवून ठेव."

हे बोलताना आपण 'कधीच नाही' असंच म्हणतोय, असं तिला वाटलं होतं. बाव कॉस्मसच्या पणजोबांनी खणलेली. भर मे महिन्यात अख्ख्या पाखाडीला पुरायची, समुद्र हाकेच्या अंतरावर असून तिच्या चवीला कधी बट्टा लागला नव्हता. ती खारी होईल असं कुणी म्हणणं म्हणजे सूर्य बोरिवलीकडून उगवायचा सोडून समुद्रातून उगवेल असं म्हणण्यासारखं होतं. पण शब्द शब्द असतो, आणि तो सगळ्यांनी ऐकला होता.

पुढं काय झालं ते मॉनिकाच्या जिभेनं सगळ्यांत आधी ओळखलं. एका मे महिन्यात पाणी मचूळ लागलं. पाऊस आला, गोड झालं, ती निर्धास्त झाली. पुढच्या वर्षी होळीपासूनच खारटपणा आला आणि पाऊस पडूनही पुरता गेला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पावसालाच ताळतंत्र उरलं नाही. मे महिन्यात आभाळ फाटलं, वर्षभराच्या बाटलीमसाल्यासाठी वाळत घातलेल्या मिरच्या भिजून काळ्या पडल्या, आणि जुलैत मात्र चक्क ऊन. त्या जुलैतल्या उधाणाला तिवरांतलं पाणी कुंपणाखालून अंगणात आलं, कोंबड्यांचं खुराडं तरंगवलं आणि बावेच्या काठावरून शांतपणे आत उतरलं. मॉनिका दारात उभी राहून बघत होती. तिनं हातातली केरसुणी घेऊन ते पाणी मागं लोटायचा प्रयत्न केला. कुणी बघितलं नाही हे तिचं नशीब.

तेव्हापासून तिचं खोटं सुरू झालं. डेल्रॉय दर रविवारी बोटीनं यायचा. आल्या आल्या माठातलं पाणी प्यायची त्याची लहानपणापासूनची सवय. म्हणून शनिवारी संध्याकाळी मॉनिका पाखाडीच्या तोंडाशी असलेल्या नळावर जायची, नंबर लावायची, दोन हंडे आणून माठ भरायची, त्यात वाळ्याची जुडी टाकायची. रविवारी डेल्रॉय गटागटा प्यायचा, मिशी पुसायचा आणि म्हणायचा, "आपल्या बावेची बातच वेगळी." मॉनिका चुलीकडे तोंड करून म्हणायची, "मंग!"

नळावरच्या बायकांना तिनं सांगितलं होतं की बावेची मोटर बिघडलीय. तीन वर्षं एक मोटर बिघडलेली राहते यावर कुणाचा विश्वास बसत होता देव जाणे. पण कुणी उलटून विचारलं नाही, कारण प्रत्येकीच्या घरी असलं काहीतरी झाकलेलं होतंच. एकीच्या नवऱ्यानं होडी विकली होती, दुसरीनं बांबूच्या वालांड्यांवर सुकत घातलेल्या बोंबलांत अवकाळी पावसानं अळ्या पाडल्या होत्या. लोक एकमेकांच्या अडचणींकडे बघायचे नाहीत, ही पाखाडीची रीतच झाली होती.

या खोट्यानं मॉनिकाचं एक मात्र केलं, तिच्या पायाला भिंगरी लावली. पूर्वी दुपारी ती ओटीवर पाय पसरून बसे. आता बसली की उठे. बावेत डोकावून येई, तिवरांपाशी जाऊन पाणी कुठवर आलंय ते बघे, पुन्हा येऊन बसे, पुन्हा उठे. अमावास्या-पौर्णिमा जवळ आली की तिचं जेवण तुटे. बोटीचा भोंगा अवेळी वाजला तरी डेल्रॉयच आला असं वाटून ती माठाचं झाकण तपासून येई.

आणि अशात निकोलचं लग्न ठरलं.

निकोल डेल्रॉयची मुलगी. अंधेरीच्या एका कंपनीत नोकरी, होणारा नवरा ग्लेनरॉय तिथंच भेटलेला. आजकालच्या पोरी लग्न रिसॉर्टमध्ये करतात. निकोलनं हट्ट धरला की लग्न गोराईच्याच चर्चमध्ये, मांडव ममायच्याच दारात. ममाय म्हणजे आजी. मॉनिकाला आनंदानं काय करू आणि काय नको असं झालं. मग निकोल फोनवर म्हणाली, "आणि ममाय, उंबराचं पाणी आपल्याच बावेचं हां. ग्लेनच्या घरी मी सांगून ठेवलंय, आमच्या बावेचं पाणी म्हणजे शहाळं."

मॉनिका फोन ठेवून थेट बावेपाशी जाऊन उभी राहिली. उंबराचं पाणी म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळचा सोहळा. बँड लावून, घुमट वाजवत, लाल लुगडी नेसलेल्या बायका नवरीला घेऊन बावेवर जातात. पूर्वजांच्या नावानं बावेत चिमूटभर तांदूळ, एक नाणं आणि दारूचे चार थेंब सोडायचे, कळशी भरायची, आणि लग्नाच्या सकाळी नवरीला त्याच पाण्यानं आंघोळ घालायची. या पाखाडीत आणखी एक नियम होता. पहिल्या कळशीतला पहिला घोट घरातल्या सगळ्यांत जुन्या सुनेनं घ्यायचा, दुसरा नवरीनं. तिसरा बापानं, पोरीला निरोप द्यायचा म्हणून. म्हणजे तिसरा घोट डेल्रॉयचा.

बाहेरून पाणी आणून चालणार नव्हतं काय? चाललं असतं. गावोगाव चालतं. मॉनिकाचं माहेर सांताक्रूझजवळ कलिनाला. तिथली त्यांची बाव डेब्रिस टाकून बुजवली आणि त्यावर इमारत उभी राहिली. भाचीच्या लग्नात भावानं निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रमला झेंडूची माळ घातली, त्यात नळाचं पाणी भरलं आणि बँडबाजासकट त्यातून कळशी बुडवली. मॉनिका तेव्हा सगळ्यांदेखत हसली होती. "ड्रमाला काय नमस्कार करायचा काय रे?" असं तिनं भावाला विचारलं होतं, आणि भाऊ वर्षभर तिच्याशी बोलला नव्हता. आता तोच भाऊ लग्नाला येणार होता.

तर मॉनिकानं डोकं लढवलं. समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांना पाणी पुरवणारा एक टँकर उत्तनच्या बाजूनं रोज पाखाडीवरून जायचा. चालवणारा चंद्रप्रकाश गडी हसतमुख होता आणि मॉनिकाच्या हातचे फुगे त्याला आवडायचे. फुगे म्हणजे इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचे तळलेले गोल पाव. तिनं त्याला गाठलं.

"मौसी, टंकी में डालू ना?" त्यानं विचारलं.

"टाकी नाय. बावेत."

चंद्रप्रकाशनं तिच्याकडे बघितलं, मग बावेकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "कुएँ में पानी डालने का?"

"हां. पहिलं जुनं उपसून टाकायचं. तुझा मोठा पाइप लाव, तलापर्यंत. मंग तुझं ओत. आनि कुनाला बोलायचं नाय."

भांडं खळबळून घ्यावं आणि मग त्यात चांगलं पाणी भरावं, इतका साधा तिचा हिशेब. लग्नाच्या तीन दिवस आधी, डेल्रॉयचं कुटुंब यायच्या आत, भर दुपारी पाखाडी झोपलेली असताना चंद्रप्रकाशनं बाव उपसली. खारं पाणी तिवरांत सोडलं. तळाचा चिखल दिसला, चिखलात एक जुनी कळशी आणि कुणाची तरी चप्पल दिसली. मग त्यानं टँकर रिकामा केला, पुन्हा भरून आणला, पुन्हा रिकामा केला. बाव दोन पुरुष खोलीपर्यंत भरली. मॉनिकानं दोर सोडला, पाणी तोंडात घेतलं आणि पहिल्यांदाच गिळलं. गोड. खारट नाही म्हणजे गोड. आणखी एक ओंजळ प्याली, मग आणखी एक. चंद्रप्रकाशला तिनं फुग्यांची पिशवी दिली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी दुपारी ती ओटीवर पाय पसरून बसली ती उठलीच नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी अंगण माणसांनी फुललं. लाल लुगडी, मोगऱ्याच्या वेण्या, बँडवाल्यांचे पांढरे बूट, आणि सगळ्यांच्या नाकात रात्रीच्या डुकराच्या मटणाचा वास. निकोलनं आजीचं जुनं लुगडं नेसलं होतं आणि दर चार पावलांनी ते सावरत होती. पौर्णिमा दोन दिवसांवर होती; तिवरांच्या मुळाशी पाणी चढलेलं दिसत होतं. मॉनिका इकडून तिकडे, तिकडून इकडे, हिला खुर्ची दे, त्याला ग्लास दे, पण नजर सारखी बावेकडे. सकाळी तिनं चाखून बघितलं होतं. गोड होतं. दुपारी पुन्हा चाखलं. गोड होतं.

सगळ्यांत जुनी सून म्हणजे सेलिना, कॉस्मसच्या थोरल्या भावाची बायको, मॉनिकाची मोठी जाऊ. ती मनोरीला मुलीकडे राहायची. डोळ्यांनी जवळजवळ अधू झालेली, तिला खुर्चीसकट रिक्षातून उतरवून बावेच्या काठाशी बसवलं होतं. बँड थांबला. डेल्रॉयनं तांदूळ, नाणं आणि दारू बावेत सोडली. निकोलनं कळशी सोडली, चार बायकांनी दोराला हात लावला, कळशी वर आली. वाटीत पाणी काढून ते सेलिनाच्या हातात दिलं.

सेलिनानं घोट घेतला. तोंडात फिरवला, गिळला आणि वाटी मांडीवर ठेवली. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मॉनिका गो," ती म्हणाली, "हे पानी कोनाचं?"

"कोनाचं म्हंजे? बावेचं."

"गोडं हाय," सेलिना म्हणाली. "पन आपल्या बावेचं नाय."

मॉनिका हसली, पण हसू नीट आलं नाही. "बाय, तुजी जीभ गेली आता वयानं."

"माजे डोले गेले. जीभ हाय." सेलिनानं वाटी पुढं केली. "आपल्या बावेचं पानी प्यालं का जिभेला तुरट लागायचं, लोखंडासारखं. मंग मागून गोडी यायची. मी सून होऊन हितं आयले तवा पहिला घोट ह्याच पान्याचा घेतला. तू पन. इसरलीस काय गो?"

विसरली होती. मॉनिकाला लागलं ते हेच, पकडली गेल्याचं नव्हे. तीन वर्षं रोज पाणी चाखता चाखता तिनं फक्त मीठ आहे की नाही एवढंच बघितलं होतं, आणि मूळची चव कधी निसटून गेली ते तिला कळलंच नव्हतं. सेलिनानं तुरट म्हटल्यावर ती चव जिभेवर यायला बघत होती आणि येत नव्हती. ज्या पाण्यासाठी ती जगाशी खोटं बोलली ते पाणी तिलाच ओळखता आलं नव्हतं.

"ममाय?" निकोल म्हणाली.

मग मॉनिकानं सांगून टाकलं, एका दमात, कुणाकडे न बघता. टँकरचं आहे. बाव खारी झालीय. तीन वर्षं झाली. माठातलं पाणी नळाचं होतं. मोटर बिघडलेली नाही. सांगताना तिचे हात लुगड्याच्या पदराला पीळ घालत होते. बँडवाल्यांतला एक जण फिसकन हसला आणि शेजाऱ्यानं त्याला कोपर मारलं. कलिनाचा भाऊ मागं उभा होता. तो हसला असता तर तिला बरं वाटलं असतं; पण त्यानं मान खाली घातली.

डेल्रॉय आईकडे बघत होता. आता बोलेल, मग बोलेल, असं तिला वाटत होतं. तो बोलला नाही. काय करायचं ते सेलिनानंच ठरवलं.

"न्हानं बावेच्या पान्याचं असतंय," ती म्हणाली. "खारं तर खारं. टँकरचं काढून टाका."

डेल्रॉय गेला आणि मोटर लावली. मोटरचा पाइप बावेत मध्यापर्यंतच पोचायचा, वरचं पाणी तेवढं उपसलं जाणार होतं. नळी अंगणात टाकली आणि चांगलं, स्वच्छ, विकतचं पाणी भळाभळा मातीत वाहायला लागलं. दोन मिनिटं सगळे बघत राहिले. मग नळावर रोज नंबर लावणारी एक शेजारीण पुटपुटली, "वाया चाललं की गो," आणि लुगडं खोचून घरी पळाली. ती हंडा घेऊन आली. मग दुसरी पळाली. बघता बघता उंबराच्या पाण्याला नटूनथटून आलेल्या बायका मोगऱ्याच्या वेण्यांसकट बालद्या, टोप, कुकर घेऊन नळीपाशी भांडायला लागल्या. बँडमास्तरला काय करावं कळेना, म्हणून त्यानं वाजवायला सुरुवात केली. नवरी बावेच्या काठावर बसून हसत होती आणि डोळे पुसत होती. मॉनिकाला वाटलं, धरणी दुभंगावी. आणि दुसऱ्याच क्षणी सवयीनं ती ओरडली, "अगो, माजा पन माठ भरून ठेवा."

मोटर हवा ओढायला लागली तेव्हा डेल्रॉयनं ती बंद केली. दोर शेवटच्या गाठीपर्यंत सोडावा लागला. कळशी वर आली ती गढूळ पाण्यानं भरलेली, दोन दिवसांत तळाशी झिरपून साचलेलं खारं पाणी, बावेचं स्वतःचं. सेलिनानं घोट घेतला आणि नुसती मान हलवली. निकोलनं वाटी तोंडाला लावली. तिचा चेहरा वेडावाकडा झाला, गाल फुगले, आणि मॉनिकानं मनात म्हटलं, थुंक पोरी, थुंकून टाक. निकोलनं डोळे मिटले आणि गिळलं. मग वाटी बापाला दिली. डेल्रॉयनं एका दमात संपवली, मिशी पुसली. काही म्हणाला नाही.

लग्नाच्या सकाळी न्हाणीघरातून निकोलची हाक आली. "ममाय, साबणाला फेसच येत नाय!" मॉनिकानं आत जाऊन तिच्या अंगाला नारळाचं दूध आणि बेसन चोळलं, खाऱ्या पाण्यात साबण चालत नाही हे तिला एव्हाना चांगलं ठाऊक होतं. पाणी अंगावर घेताना निकोल म्हणाली, "समुद्रात गेल्यासारखं वाटतंय." मॉनिका म्हणाली, "समुद्रच आलाय हितं." तिनं नातीची पाठ पुसली आणि तशाच ओल्या हातांनी तिला जवळ धरलं. तिला रडू येत होतं आणि लग्नाच्या दिवशी रडलेलं चांगलं नाही म्हणून ती केस पुसायच्या निमित्तानं टॉवेल नातीच्या तोंडावरून काढत नव्हती.

लग्न चांगलं झालं. फादरनं प्रवचन लांबवलं, ग्लेनरॉयच्या मामानं जरा जास्त घेतली, मटण पुरलं. पण मॉनिकाचं कशातच लक्ष नव्हतं. डेल्रॉय जिथं जाईल तिथं ती त्याच्या मागं. तो खुर्च्या मोजत होता तिथं ती उभी, तो मांडवाच्या दोऱ्या सोडवत होता तिथं ती उभी. बोल ना रे एकदाचं, असं तिला ओरडावंसं वाटे. तीन वर्षं मला फसवलंस म्हण, शब्द आठव म्हण. तो तिला विचारायचा, "मम्मा, जेवलीस?" आणि पुढं जायचा. त्याचा राग तिनं सहन केला असता. त्याच्या गप्प राहण्यानं तिचा जीव खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. डेल्रॉय मांडवाचे उरलेले बांबू रचून मागच्या दारी आला तेव्हा मॉनिका पायरीवर बसली होती. अंगावर बाहेर जायचं लुगडं, पायात चपला. बाजूला कॉस्मसची जुनी रेक्झिनची बॅग. बावेच्या कप्पीवरचा दोर तिनं सोडून, गुंडाळून खुंटीला टांगला होता. कोंबड्या खुराड्यात नव्हत्या. त्या तिनं शेजारणीला दिल्या होत्या.

डेल्रॉयनं बॅग बघितली, दोर बघितला. मग आईच्या शेजारी पायरीवर बसला.

"मम्मा, मी काय बोललो का तुला?"

"नाय."

"मग? राहा ना. आता जूनमध्ये पाऊस लागेल, पाणी गोड होईल परत."

मॉनिकानं त्याच्याकडे वळून बघितलं. हेच वाक्य ती गेली तीन वर्षं रोज सकाळी स्वतःला सांगत आली होती. दुसऱ्याच्या तोंडून ते किती खोटं वाटतं ते तिला आज कळलं. आणि हेही कळलं की पोरानं परवा तो घोट गिळला तेव्हाच ठरवलं होतं, आईला शब्दात पकडायचं नाही.

"होनार नाय रे," ती म्हणाली.

"तुला जायचं नाय. मला माहीत आहे."

"नायच जायचं मना." तिच्या आवाजात जुना तडका होता. "मरेतवर नाय जायचं. पन तू नाय बोललास, मी बोललेली. तुज्या बापाच्या मिस्सेला, सगल्यांसमोर. पानी गोडं हाय तवर." तिनं पदरानं नाक पुसलं आणि बॅग पायानं त्याच्याकडे सरकवली. "उचल. बोट सुटेल."